बिबट्या पिंजऱ्यातला आणि उसातला

शेतकऱ्याच्या घरातून चार दिवसांची सहल काढणे हे लग्नकार्यापेक्षा अवघड काम आहे. लग्नाला तिथी असते आणि तिथीपुढे कोणाचे काही चालत नाही. सहलीला तिथी नसते. मग आज कांदा चाळीत घालायचा आहे, उद्या पाण्याची पाळी आहे, परवा म्हैस विणार आहे, असे करीत उन्हाळा सरतो आणि मृगाचे ढग दिसू लागतात. नोकरीच्या निमित्ताने मी तीस वर्षे गावोगाव हिंडलो. पंढरपूर, तुळजापूर, जेजुरी सोडून केवळ पाहण्यासाठी म्हणून घराबाहेर पडलेली शेतकरी कुटुंबे मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. आमच्या थोरल्या बंधूंचे घरही त्यातलेच.

दादा जुन्नर तालुक्यात कुकडीच्या पाण्यावर ऊस आणि कांदा करतात. माझे शिक्षण बी.एस्सी. (कृषी) पर्यंत झाले ते त्यांनी औत धरले म्हणून, ही गोष्ट मी कधी विसरत नाही. २०२४ च्या मे महिन्यात मी त्यांच्यामागे लागलो की, एकदा सगळे मिळून बाहेर पडू. मुलांना पुण्याचे प्राणिसंग्रहालय दाखवू आणि तेथून पुढे ताडोब्याचे जंगल पाहू. दादांनी पहिल्याच दमात सांगितले, "जनावरं बघायला पैसे मोजून जायचं? आमच्याकडं ती फुकट येत्यात."

त्यांचे बोलणे थट्टेचे नव्हते. आदल्या पावसाळ्यात बिबट्याने त्यांच्या गोठ्यातून पाच महिन्यांची कालवड नेली होती. सकाळी ती उसाच्या तिसऱ्या सरीत अर्धी खाल्लेली सापडली. पंचनामा झाला, पुढे भरपाईही मिळाली. पण पुतण्याची सात वर्षांची मुलगी त्या दिवसापासून दिवेलागणीनंतर अंगणात पाऊल टाकीना. आजीचा पदर धरल्याशिवाय मोरीपर्यंतही जाईना. रात्री झोपेत दचकून उठे. सूनबाईंनी दृष्ट काढून पाहिली, शाळेतल्या बाईंनी समजावून पाहिले. पोरीच्या मनातला बिबट्या दिवसेंदिवस मोठाच होत चालला होता. सहलीचा हट्ट मी धरला तो तिच्यासाठी. ज्याला कधी पाहिले नाही त्याची भीती अंधारात वाढते. दिवसाउजेडी, खंदकापलीकडून का होईना, तिने त्याला एकदा डोळे भरून पाहावे असे मला वाटत होते.

शेवटी धारा काढायला मेहुण्यांचा मुलगा आला, पाण्याच्या पाळ्या शेजाऱ्यांनी पत्करल्या, आणि दादा, वहिनी, पुतण्या, सूनबाई, दोन नातवंडे, मी व आमच्या सौ. असे आठजण निघालो.

पुण्याच्या दक्षिणेला कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे. माझ्या पिढीच्या लोकांना पुण्याचे पेशवे पार्क आठवत असेल. १९५३ पासून तेथे प्राणी ठेवीत. जागा लहान, पिंजरे अरुंद, आणि वाघ बिचारा एका गजापासून दुसऱ्या गजापर्यंत येरझारा घालीत असे. पुढे ते सगळे प्राणी कात्रजला नेले. हे नवे संग्रहालय १९९९ साली सुरू झाले. आवार सुमारे १३० एकरांचे असून मध्ये तळे आहे. येथे मोठ्या प्राण्यांना गजांचा पिंजरा दिसत नाही. झाडझाडोरा असलेली मोकळी जागा, भोवती खोल खंदक, आणि खंदकाच्या अलीकडे आपण. त्याच आवारात १९८६ पासूनचे सर्पोद्यानही आहे.

आम्ही सकाळीच पोहोचलो. उन्हाळ्यात हेच बरे. दुपारी जनावरे सावलीला पडून राहतात, आणि ती आपल्याहून शहाणी असल्याने हलत नाहीत. हत्ती पाहिला, वाघ पाहिला. लांडगा पाहताच वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, हा तर आमच्या माहेरच्या माळावरचा." चितळांच्या कळपापुढे दादा बराच वेळ उभे राहिले. त्यांनी चारा पाहिला, पाण्याचे हौद पाहिले आणि म्हणाले, "तब्येती राखल्यात."

नंतर आम्ही बिबट्यापाशी आलो. नात आजीच्या मागे दडली. बिबट्या लाकडाच्या ओंडक्यावर पाय लोंबते सोडून निजला होता. मांजर भिंतीवर निजते तसाच. पोरीने आधी एक डोळा बाहेर काढला, मग दोन्ही. थोड्या वेळाने तिने विचारले, "आबा, आपली कालवड नेली तो हाच का?"

दादा म्हणाले, "हा नाही. ह्याचा कोणीतरी चुलता."

"मग हा काय खातो?"

तेथे झाडलोट करणारे एक गृहस्थ जवळच होते. त्यांनी सांगितले की, याला रोज ठरलेल्या वेळी मोजून मांस देतात, आणि आठवड्यातून एक दिवस काहीच देत नाहीत. जंगलातही त्याला रोज शिकार मिळत नाही, म्हणून पोटाला विश्रांती. पोर आजीकडे वळून म्हणाली, "म्हणजे ह्याची पण एकादशी!" वहिनींना हसू आवरेना. त्या हसण्याबरोबर नात पुढे सरकली आणि कठड्याला धरून उभी राहिली.

एवढ्यात बिबट्या उठला, आळस दिला आणि खाली उतरून चालू लागला. दादा एकदम बोलले, "एवढाच?"

वाचकहो, या 'एवढाच'मध्ये आमच्या सहलीचे निम्मे सार आले. दादांनी उभ्या जन्मात बिबट्या पाहिला तो मोटारसायकलच्या दिव्यात, क्षणभर. त्यांच्या हिशेबी तो वासराएवढा उंच होता. प्रत्यक्षात पुरता वाढलेला बिबट्या खांद्यापाशी दोन-सव्वादोन फूट भरतो. उभ्या माणसाच्या मांडीपर्यंत. मादीचे वजन तीस-चाळीस किलोच्या घरात, नराचे पन्नास ते सत्तर. ताकद मोठी, झेप मोठी, पण उंची एवढीच. आता त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून जगाकडे पाहा. उभा माणूस त्याला फार उंच दिसतो आणि सहसा तो अशा माणसाच्या वाटेला जात नाही. गवत कापायला वाकलेली बाई, परसाकडे बसलेला माणूस, खेळणारे लहान मूल मात्र शेळी-कुत्र्याच्या उंचीचे दिसते. अंधुक उजेडात तो फसतो, आणि जीव आपला जातो. मी ही गोष्ट बैठकांतून अनेकदा सांगितली आहे. पण कठड्याशी उभ्या असलेल्या सूनबाईंनी बिबट्याकडे पाहिले, मग स्वतःच्या कमरेकडे पाहिले, आणि त्यांना ती न सांगता कळली. घास कापायला रोज वाकणाऱ्या त्याच की.

सर्पोद्यानात पुतण्याचा वेळ गेला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या आपल्याकडच्या चार मुख्य विषारी जाती एकाच ठिकाणी, काचेआड, शांतपणे पाहायला मिळतात. घोणस पाहून तो म्हणाला, "ह्याला आम्ही अजगराचं पिल्लू समजून काठीनं बाजूला करतो." असा समज अनेकांचा आहे. अजगराचे पिल्लू म्हणून घोणशीला हात घालणारे कितीतरी आहेत. या चारही सापांच्या विषावर सरकारी दवाखान्यात मिळणारी प्रतिविषाची लस एकच असते. तेव्हा साप ओळखण्यासाठी त्याच्यामागे धावण्यापेक्षा, आणि मांत्रिकाकडे जाण्यापेक्षा, दवाखाना गाठणे बरे. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला तिचा दंश झालेला पुष्कळदा कळतही नाही. अंथरुण खाटेवर घालावे आणि मच्छरदाणी खोचून घ्यावी, हा उपाय स्वस्त आहे.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. आमच्या डोळ्यांदेखत काही तरुण माकडांना वेफर्स फेकीत होते. बिबट्या उठावा म्हणून एकजण खडा मारण्याच्या बेतात होता. नातवाने त्याला विचारले, "दादा, तुम्ही झोपल्यावर तुम्हाला कोणी खडा मारला तर?" तो ओशाळला. गुरेढोरे पाळणाऱ्या घरातल्या मुलाला हे निराळे शिकवावे लागत नाही.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने वर्धा, तेथून एस.टी.ने चंद्रपूर, आणि पुढे जीपने मोहर्ली. प्रवास लांबचा आणि उन्हाचा. चंद्रपूरचा मे महिना म्हणजे काय ते तेथे गेल्याशिवाय कळत नाही. ताडोबा हे महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. शेजारचे अंधारी अभयारण्य १९८६ सालचे. दोन्ही मिळून पुढे व्याघ्र प्रकल्प झाला. गाभ्याचे जंगल सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, आणि त्याभोवती त्याहून मोठा बफरचा पट्टा. या पट्ट्यात गावे आहेत, शेती आहे, गुरे आहेत. ताडोबा हे नाव तेथल्या आदिवासींच्या तारू या देवावरून पडले. तळ्याकाठी त्याचे ठाणे असून पौषात तेथे जत्रा भरते.

जंगलात आपली गाडी नेता येत नाही. आधी नावे नोंदवावी लागतात, ओळखपत्र दाखवावे लागते, आणि मोबाइल गाभ्याच्या जंगलात नेऊ देत नाहीत. एका जिप्सीत सहा प्रवासी, एक चालक व एक वाटाड्या. आम्ही आठजण. दुसरी गाडी करावी तर खर्च दुप्पट. दादांनी आकडा ऐकला आणि म्हणाले, "एवढ्यात महिन्याची पेंड येते." मग वहिनी व आमच्या सौ. म्हणाल्या, "तुम्ही जा, आम्ही इथं बसतो." मुक्काम गावातल्या एका घरीच होता. घरधनीण बोलकी होती. त्या दोघी मागे राहिल्या, त्याचा फायदा कसा झाला ते पुढे सांगतो.

पहाटे फाटकातून आत शिरलो. साग, बांबू, वाळलेल्या पानांचा थर, आणि कमालीची शांतता. आमचा वाटाड्या पंचविशीतला, बफरमधल्या गावचा. वाघ दाखवतो असे त्याने एकदाही म्हटले नाही. तो म्हणाला, "डोळ्यांनी मंग शोधा जी, आधी कानानं शोधा." चितळ कसे ओरडते, वानर झाडावरून कसा खोकतो, सांबर कसे एकदाच ठणकावते, हे त्याने मुलांना सांगितले. ही जंगलातली बातमीपत्रे. वाघ निघाला की, त्याच्याआधी त्याची बातमी पुढे जाते. नातवाने विचारले, "आमच्या उसात कोण ओरडतं?" वाटाड्या हसून म्हणाला, "तुमची टिटवी ओरडते ना रात्री? कुत्रं एकदम ताठ होऊन एकाच बाजूला भुंकते ना? तेच ऐकाचं." पोराने ही गोष्ट मनात ठेवली.

गवे पाहिले, रानकुत्र्यांची एक टोळी पाहिली. ऊन चढू लागले तेव्हा एका पाणवठ्यावर गाड्या थांबल्या. वाघीण कमरेपर्यंत पाण्यात बसली होती. म्हैस बसते तशी! पाच-सात मिनिटे आम्ही श्वास रोखून पाहिले. ती उठली, पाणी निथळत बांबूत शिरली, आणि दहा पावलांवर दिसेनाशी झाली. एवढे मोठे जनावर, पिवळे आणि काळे, भर उजेडात दिसेनासे होते. दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग उसात आपल्याला काय दिसणार?"

परतीच्या वाटेवर दादांनी वाटाड्याला सरळ विचारले, "तुमच्या गावात वाघाने माणूस मारला तर तुम्ही काय करता?"

त्या मुलाने गाडीच्या कडेला हात टेकवून सांगितले, "माझ्या मावसकाकाला मारलं जी, गुरं चारताना. तेव्हा मी पण दगड घेऊन गेलो होतो फॉरेस्टच्या ऑफिसावर. आता मी ह्याच वाघामुळे घर चालवतो. बहीण शिकते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत काका. एक सांगून दुसरी लपवता येत नाही."

दादा म्हणाले, "तुमच्याकडं निदान वाघाचं तिकीट निघतं. आमच्याकडं फक्त कालवड जाते."

याला त्या मुलापाशी उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझ्यापाशीही नव्हते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७३ चा व्याघ्र प्रकल्प यांनी या देशातला वाघ वाचवला, हे निर्विवाद आहे. पण वाचलेल्या जनावराचे चारापाणी कोणाच्या दावणीतून जाते, हा दादांचा प्रश्नही खोटा नाही. शहरातला माणूस जंगल पाहून घरी जातो. शेतकरी जंगल पाहून पुन्हा जंगलाशेजारीच येतो.

मुक्कामी परतलो तर वहिनींच्या गोष्टी आमच्यापेक्षा जास्त होत्या. घरधनीण मार्च-एप्रिलात मोहाची फुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूची पाने तोडायला जंगलात जाते. दोन्ही कामे वाकून करायची. तिने सांगितले की, त्या कधी एकट्या जात नाहीत. टोळीने जातात, मोठ्याने बोलत जातात, फार पहाटे निघत नाहीत, आणि दहा जणी वाकल्या तर दोघींनी उभे राहून चौफेर नजर ठेवायची. उभ्या राहणारीचा वाटा पाने तोडणारीइतकाच. वहिनी म्हणाल्या, "आम्ही घासाला जातो तेव्हा सगळ्याच वाकतो. एकीनं उभं राहायचं कधी सुचलंच नाही." ही सावधगिरी किती गरजेची आहे ते पुढल्याच वर्षी दिसले. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ती बातमी वाचली तेव्हा वहिनींनी त्या घरधनिणीला फोन करून ती खुशाल असल्याची खात्री करून घेतली.

घरी आल्यावर रात्री ओट्यावर बोलणे निघाले. दादांना त्यांचे लहानपण आठवले. तेव्हा शिवारात बाजरी, हुलगा, मटकी. बिबट्या डोंगराकडे असतो असे ऐकायचे. मग कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, माणिकडोह, येडगाव, डिंभे. कालव्याला पाणी आले आणि माळावर ऊस उभा राहिला. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा असतो. दाट, थंड, पाण्याजवळ, आणि आत कोणी फिरकत नाही. बिबट्याच्या मादीला पिल्ले घालायला याहून चांगली जागा कोणती? खायला वस्तीची कुत्री, शेळ्या, डुकरे, कोंबड्यांची घाण. उसात जन्मलेली, उसात वाढलेली त्यांची पिढ्यामागून पिढी आता झाली आहे. त्यांना डोंगर माहीत नाही. अकोले तालुक्यात विद्या अथ्रेया यांनी केलेल्या अभ्यासात, जेथे रानातले सावज जवळजवळ नाही अशा निव्वळ शेतीच्या मुलखात, शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे आढळले. त्यांच्या आहारात सर्वात मोठा वाटा होता गावातल्या कुत्र्यांचा.

दादांचे म्हणणे, सगळे धरून लांब नेऊन सोडावेत. हे आमच्या भागात करून झाले आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात माणसांवरचे हल्ले फार वाढले होते, आणि पुष्कळ बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यात येत होते. त्याचा अभ्यास झाला तेव्हा दिसून आले की, सोडलेल्या मुलखात हल्ले वाढतात, आणि पकडल्याने मूळ जागेचे हल्ले थांबतातच असेही नाही. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरे येते. म्हणून आता पकडलेल्या जनावरांपैकी काही माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात ठेवतात. ऊसतोडणीत सापडलेली पिल्ले संध्याकाळी त्याच शेतात टोपलीत ठेवतात, आणि बहुधा त्या रात्रीच आई येऊन घेऊन जाते. पिल्ले उचलून नेली तर चवताळलेली मादी वस्तीभोवती फिरत राहते. मग वाकलेल्या बाईची गाठ तिच्याशी पडते.

हे सगळे ऐकून दादा म्हणाले, "तुझं पुस्तक खरं असंल. पण माझ्या पोरीबाळी उसाशेजारी राहत्यात." आणि २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेडकडे बिबट्याने लहान मुलांचे बळी घेतले, तेव्हा त्यांनी मला फोन करून एवढेच विचारले, "आता काय सांगतोस?" मी म्हणालो, "दादा, माणसावर चटावलेले जनावर पकडलेच पाहिजे, प्रसंगी मारलेच पाहिजे. त्यात दोन मते नाहीत. पण ते एक गेले म्हणून आपले दार उघडे टाकता येणार नाही." ते काही बोलले नाहीत. आम्हा भावांचे याबाबत पुरते एकमत झालेले नाही आणि होईल असे वाटत नाही.

मात्र घरात काय बदलले ते सांगतो. गोठ्याला चारी बाजूंनी जाळी आणि आतून कडीचे दार बसले. कुत्रे रात्री आत बांधतात. घराच्या भिंतीपासून वीस फूट ऊस लावायचा नाही असे ठरले. त्या पट्ट्यात वहिनींनी मेथी-कोथिंबीर केली. मेलेली कोंबडी ओढ्यात न फेकता पुरतात. घासाला गेल्यावर चौघींतली एक विळा न घेता उभी असते. रात्री पाणी द्यायला दोघे मिळून जातात, हातात विजेरी आणि मोबाइलवर मोठ्याने भजन. शेतीला वीज दिवसा मिळावी ही आपली मागणी आहेच. जेथे सौर पंप किंवा दिवसाची वीज पोहोचली तेथे बाप्येमाणसे रात्री घरी निजतात. पिकाइतकाच जिवाचाही हा प्रश्न आहे. नुकसान झालेच तर जनावर हलवू नये, ताबडतोब वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि पंचनामा करून घ्यावा. ओढून नेलेल्या कालवडीची भरपाई मिळते ती पंचनाम्यावरच.

आणि नात? ती आता संध्याकाळी अंगणात येते. एकटी नाही, उसाकडे नाही, पण येते. टिटवी ओरडली की, घरात जाऊन सांगते, "कोणीतरी चाललंय." भिऊन थिजण्यापेक्षा हे कितीतरी बरे. झोपेत दचकणे थांबले आहे. भीती गेली असे मी म्हणणार नाही, जाऊही नये. पण ती आता बिबट्याच्या मापाची झाली आहे.

आपले प्राणी आणि संग्रहालयातले प्राणी निराळे नाहीत, याचे आणखी दोन दाखले माझ्या खात्याशी संबंधित म्हणून देतो. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळ गोरेवाडा येथे तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. तपासणीत बर्ड फ्लू निघाला, म्हणजे मुळात कोंबड्यांचा रोग. जुलै २०२५ मध्ये कात्रजला पंधराहून अधिक चितळे दगावली आणि निदान झाले लाळ्या-खुरकुताचे, म्हणजे आपल्या गोठ्यातल्याच रोगाचे. दादांनी ज्यांच्या तब्येती वाखाणल्या होत्या तीच ही चितळे. रोगाला कुंपण दिसत नाही. जंगलाशेजारी गुरे चारणाऱ्यांनी तरी लसीची तारीख चुकवू नये. त्यात गाय वाचते आणि रानही वाचते.

ज्यांना जावयाचे असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. कात्रजचे प्राणिसंग्रहालय आणि मुंबईची राणीची बाग दोन्ही बुधवारी बंद असतात. राणीच्या बागेत २०१७ पासून पेंग्विनही पाहायला मिळतात. ती बाग एकोणिसाव्या शतकातली असून तेथले जुने वृक्ष जनावरांइतकेच पाहण्यासारखे आहेत. ताडोबा मंगळवारी बंद असतो, आणि पावसाळ्याचे तीन महिने गाभ्याचे जंगल बंदच. नावे फार आधी नोंदवावी लागतात आणि खर्च मोठा आहे. तो झेपत नसेल तर वाईट वाटून घेऊ नये. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा दिसतो, अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटांचे कळप दिसतात. दोन्ही जागा लहान आहेत. भाकरी बांधून सकाळी निघावे आणि धारेच्या वेळेला घरी यावे. खाण्याचे कागद परत आणावेत, जनावरांना काही घालू नये, आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत.

आमच्याकडे पुढचा बेत रेहेकुरीचा ठरतो आहे. दादांनी एवढेच सांगितले आहे की, कांदा चाळीत पडल्याशिवाय त्यांच्यापुढे विषय काढू नये.